बेंजो, धोंडी आणि मी

आमच्याकडे सिनेमाला जायचं ठरलं की आधी माझं मत विचारतात. मान म्हणून नव्हे. मी एखाद्या सिनेमाला "बरा वाटतोय" म्हटलं की बाकीची मंडळी दुसऱ्या सिनेमाची तिकिटं काढतात. हा ठोकताळा आजवर एकदाही चुकलेला नाही, असं बायकोचं म्हणणं. मला आवडलेला सिनेमा दुसऱ्या शुक्रवारी उतरतो. मी ज्या गायकाची कॅसेट घेतली, त्याची पुढची कॅसेट निघाल्याचं ऐकिवात नाही. एकदा गणपतीत एका ऑर्केस्ट्रामध्ये मी अडीच तास फक्त अ‍ॅकॉर्डियनवाल्याकडे बघत होतो. पुढच्या वर्षी तोच ऑर्केस्ट्रा आला तेव्हा त्यात अ‍ॅकॉर्डियन नव्हतं.

"अहो, तुम्हाला गर्दी सोसत नाही एवढंच. त्याला रसिकता म्हणू नका," ती म्हणते आणि पुरावा म्हणून चिक्की पुढे करते. लोणावळ्यात राहून मी कधी रांगेच्या दुकानातून चिक्की घेतलेली नाही. जिथं दुकानदार एकटाच माश्या वारत बसलाय, तिथं मी शिरतो. चिक्की कधी कधी दाढेला चिकटते, क्वचित दाढ घेऊन जाते, पण त्या दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलेला असतो.

खरं तर दोष माझा नाही, गावाचा आहे. लोणावळ्यात जन्म काढलेल्या माणसाला दुय्यम भूमिकेची सवयच लागते. १९९८मध्ये 'गुलाम' आला आणि आमिर खानने स्वतःच्या आवाजात एका पोरीला खंडाळ्याला यायचं आमंत्रण दिलं. देशभर खंडाळा झाला. माणसं मात्र आजही उतरतात लोणावळ्यात, जेवतात लोणावळ्यात, पावसात भिजून सर्दी घेऊन जातात तीही लोणावळ्यातूनच. मी त्या गाण्याचा फार विचार केला आहे. 'ळ' तर खंडाळ्यातही आहे, मग आमचं काय चुकलं? निष्कर्ष असा, की 'ण' आणि 'ळ' एकाच शब्दात आले की हिंदी सिनेमा दुसरं गाव शोधतो. किल्ल्यांचंही तेच. सिंहगड, रायगड हे नायक. आमचे तुंग आणि तिकोना म्हणजे नायकाच्या मागे उभं राहून "होय महाराज" म्हणणारे. उभे मात्र ताठ.

पण माझी खरी भक्ती बेंजोवर.

मी तेहेतीस वर्षं कचेरीत टंकलेखक होतो. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात. निवृत्तीनंतर एकदा कामशेतला भाच्याची हळद होती. मांडवाबाहेर एका टेम्पोत बेंजो पार्टी बसली होती. ढोलकी, ताशा, एक पोरगेलासा पॅड बडवणारा, आणि मध्ये मांडीवर लांबट पेटी घेतलेला चाळिशीचा माणूस. त्याच्या डाव्या हाताची बोटं गोल बटणांवर पडत होती, उजवा हात तारा छेडत होता. माझी बोटं आपोआप खिशात हलायला लागली. तो चक्क टाइप करत होता! तेहेतीस वर्षं मी त्याच खटक्यांतून 'विषयांकित प्रकरणी सादर करण्यात येते की' एवढंच काढू शकलो, आणि हा गडी त्यातून लावणी काढत होता.

घरी येऊन मी शोध घेतला. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचं अमेरिकेतल्या बँजोशी नावापलीकडे काही नातं नाही. हे मूळचं जपानी वाद्य, ताइशोगोतो. १९१२मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं ते घडवलं, तारांना टाइपरायटरसारखी बटणं लावून. हिंदुस्थानात येऊन ते बुलबुलतरंग झालं, आणि पुढं त्याला वीज जोडून, भोंगा लावून, आपल्या पोरांनी त्याचं बेंजो केलं. कुठं नागोया आणि कुठं कार्ला! चैत्रात एकवीरेच्या यात्रेला मुंबई-ठाणे-रायगडचे कोळी बांधव पालख्या घेऊन येतात. एकदा मुद्दाम त्यांच्या मागं चालत गेलो. वर दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह, त्याच्या छताच्या लाकडी कमान्या अजून जागच्या जागी. त्याच्या दारात आईचं देऊळ. आणि पायऱ्यांवर, घामानं निथळणारा एक पोरगा गळ्यात बेंजो अडकवून कोळीगीत वाजवतोय. लोक पालखीकडे बघत होते, नाचणाऱ्यांकडे बघत होते, मोबाइलमध्ये स्वतःकडे बघत होते. बेंजोवाल्याकडे बघणारा मी एकटा. त्यामुळे दोनदा पालखीचा दांडा लागला.

२०१६मध्ये रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाही काढला, रितेश देशमुखला घेऊन. चालला नाही. मला अर्थातच आवडला होता.

तर, तो कामशेतचा बेंजोवाला. हळद संपल्यावर मी त्याला गाठलं. त्यानं 'सांगत्ये ऐका'मधली बुगडीची लावणी वाजवली होती, आणि मला राहवेना.

"हे गाणं कुणाचं, सांग बरं?"

"आशाबाईंचं की वो काका."

"गायलंय बाईंनी. चाल कुणाची?"

त्यानं तारा पुसता पुसता मान हलवली.

"वसंत पवारांची."

"बारामतीचे का?"

"कोल्हापूरचे. सतार वाजवायचे."

"मग बराबर," तो म्हणाला. काय बरोबर ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्यानं ते इतक्या गंभीरपणे म्हटलं की आमची दोस्ती झाली. १९५९चा अनंत मान्यांचा तो सिनेमा पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं एका थिएटरात एकच सिनेमा! जयश्री गडकर, हंसा वाडकर, गदिमा, आशाबाई, सगळ्यांची नावं लोकांच्या तोंडी राहिली. चाल सगळ्यांच्या तोंडी राहिली, चाल बांधणारा कुणाच्याच नाही. विचारा कुणालाही. मी विचारतो. म्हणून लग्नात माझ्या शेजारची खुर्ची शक्यतो रिकामी असते.

सिनेमाच्या बाबतीत माझं दैवत म्हणजे 'पवनाकाठचा धोंडी'. गो. नी. दांडेकर मावळातल्या तळेगावला राहायचे. आमचे डोंगर त्यांनी पायांनी वाचले होते. त्यांची ही कादंबरी तुंग गडाच्या पायथ्याची, गडाची हवालदारी चालत आलेल्या घराण्यातल्या धोंडीची. १९६६मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला आणि मराठीतला त्या वर्षीचा उत्तम चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एवढं असून आज मावळात उभं राहून विचारा. मी साडूंना विचारलं, "पवनाकाठचा धोंडी पाहिलात का?" ते म्हणाले, "कुठला? पवनानगरला हॉटेल टाकलंय तो?"

गोनीदांच्याच 'जैत रे जैत'चं थोडं वेगळं. १९७७चा जब्बार पटेलांचा तो सिनेमा. ना. धों. महानोर, हृदयनाथ मंगेशकर, स्मिता पाटील, मोहन आगाशे, सगळी बडी नावं. त्याला दुर्लक्षित म्हणायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे माझा त्याच्यातला रस जरा कमी होता. मग लक्षात आलं, गाणी येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी सिनेमा पाहिलेलाच नाही. राणी माशी बघायच्या नादात डोळा गमावणारा नाग्या आणि त्याचं त्या डोंगराशी मांडलेलं वैर, यांचा त्यांना पत्ताच नाही. मला हायसं वाटलं.

'धोंडी'ची तशीही सोय नाही. त्याचं पवनेचं खोरंही आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. पुढं धरण झालं, नदीचा जलाशय झाला, आणि काठावर आता तंबू टाकून शहरातली मंडळी शेकोटीभोवती गिटार वाजवतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ वर येतं. मी दर वर्षी मे महिन्यात ते बघायला जातो आणि समोर तुंगाकडे बघत बसतो. बायको म्हणते, लोक सिनेमा बघायला थिएटरात जातात.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून येताना लोकलमध्ये एक गृहस्थ तळेगावला चढले. डोक्याला कानटोपी, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारा मुळा. बोलता बोलता गोनीदांचा विषय निघाला आणि ते सहज म्हणाले, "धोंडी सिनेमा पाहिलाय मी. गावच्या जत्रेत, तंबूत."

वास्तविक मी त्यांना मिठी मारायला हवी होती. इतकी वर्षं मी ह्याच माणसाच्या शोधात होतो. पण मला काय झालं कोण जाणे, माझा चेहराच उतरला. मी फौजदारासारखी उलटतपासणी सुरू केली. कुठल्या जत्रेत? कितवीत होता? नक्की हाच ना, दुसरा कुठला नव्हे? त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं सांगितलं. रीळ बदलायला यंत्र थांबलं की पोरं तंबूच्या कनातीखालून आत घुसायची, मध्येच वळवाचा पाऊस आला, पडदा भिजला आणि पुढचं सगळं चित्र लोंबतं दिसायला लागलं. ते खुशीत हसत होते. मी मुळ्याकडे बघत होतो. वडगाव गेलं, कान्हे गेलं, कामशेतला ते उतरले. उतरताना म्हणाले, "बरं वाटलं, कुणीतरी नाव घेतलं." मग मात्र माझी मला लाज वाटली. मळवलीपर्यंत टिकली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तुमच्या रिकाम्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं."

नाव राहणं हा प्रकारच विचित्र असतो म्हणा. भंडारा डोंगर आमच्या मावळातला, तुकोबांच्या चिंतनाचा. प्रभातच्या १९३६च्या 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवल्यांनी एक अभंग लिहिला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की लोक तो गाथेत शोधायला लागले. आपली ओळ लोकांनी गाथेत शोधावी आणि न मिळाल्याचं आश्चर्य वाटावं! वसंत पवारांचं नाव विसरलं की मी चिडतो. आठवल्यांचं विसरलं की मात्र हात जोडावेसे वाटतात. ह्याची संगती मला लावता येत नाही. लावायच्या भानगडीतही पडत नाही.

ह्या पावसाळ्याआधी मी त्या बेंजोवाल्याला भाज्याच्या लेण्यांत घेऊन गेलो. त्याला अर्थात यायचं नव्हतं. "काका, लेणी काय, लहानपणापास्नं बघतोय." पण तो आला. मळवलीला उतरून, गाव ओलांडून, पायऱ्या चढून वर गेलो तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. चैत्यगृहापाशी फोटो काढणाऱ्यांची झुंबड. पलीकडे चौदा स्तूपांचा घोळका. मी त्याला थेट टोकाकडच्या विहारात नेलं. तिथं व्हरांड्यात सूर्याचा रथ कोरलाय, हत्तीवरचा इंद्र कोरलाय, आणि माहीतगार माणसं त्या दोघांसाठीच येतात. त्याच शिल्पपटात एक बाई बसून तालवाद्य वाजवतेय, जोडीचं, आपल्या तबल्यासारखं. शेजारी दुसरी बाई नाचतेय. दोन हजार वर्षांच्या वर झाली. पाऊस, शेवाळ, वटवाघळं, सहली.

मी काही बोललो नाही. तो पुढं सरकून खाली वाकला. मी नोटिशीची भाषा तोंडपाठ असलेला माणूस, मनातल्या मनात माहिती जुळवत होतो. इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक, बौद्ध लेणी, वाद्याचं प्राचीनत्व. त्याचा उजवा हात मांडीवर हळूहळू थापा मारत होता.

"काका, हिची सुपारी कुणी घेतली असंल?"

"कोण जाणे."

"मोठी पार्टी असणार. नाचणारी वेगळी, वाजवणारी वेगळी." मग जरा थांबून म्हणाला, "इंद्राकडंच बघत असतील समदे."

उतरताना ऊन कलत होतं. त्याची संध्याकाळी वडगावला हळद होती, साडेसातची ऑर्डर, टेम्पो तिकडे परस्पर येणार होता. मळवली स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. त्यानं तंबाखूची डबी काढली, परत ठेवली आणि एकदम विचारलं, "ते तुमचं वसंत पवार. त्यांचं आणिक काय काय हाये?"

मी सांगायला सुरुवात केली. लोकल आली ती पुण्याकडची होती आणि माझं घर उलट्या दिशेला. मी त्याच्या मागून त्याच डब्यात चढलो.