अकराला चार टोले

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी माणूस वस्तू हेरायला जातो आणि वस्तूच त्याला हेरतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना असंच एका टेबलावरच्या घड्याळानं हेरलं. काळी संगमरवरी पेटी, दोन्ही बाजूंना पितळी सिंहमुखं, पिवळी पडलेली तबकडी. विकणारा म्हणाला, "साहेब, पीस एकदम चालू आहे. सध्या बंद आहे एवढंच." बँकेत बुडीत कर्जदारही हेच सांगत. तरीही गृहस्थांनी पैसे मोजले.

रिक्षात मांडीवर घेतल्यावर संगमरवराचं वजनच लागेना. कसं लागणार? घड्याळ सेथ थॉमस कंपनीचं, अमेरिकेतल्या कनेटिकटमधलं. फ्रान्सची काळ्या दगडाची घड्याळं महाग, म्हणून या कंपनीनं १८८०च्या दशकात लाकडी पेटीवर सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा चढवून संगमरवराची हुबेहूब नक्कल केली आणि ती 'अ‍ॅडमंटाइन' या भारदस्त नावानं विकली. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या सिनेमाची रिळं ज्याची बनत ते, काडी दिसताच भडकणारं. ते गुंडाळलेलं घड्याळ ठेवायचं कुठे, तर शेकोटीच्या वरच्या फळीवर!

पुण्याच्या फ्लॅटमध्ये शेकोटी नव्हती, म्हणून ते फ्रिजवर गेलं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, फक्त एवढंच विचारलं, "अहो, हे चालणार आहे की नुसतं बसणार आहे?"

पेटी उलटी केल्यावर तळाशी शिक्का निघाला : ८९८१ सी. हा अनुक्रमांक समजून गृहस्थांनी तो वहीत टिपूनही ठेवला. पण सेथ थॉमसवाले वर्ष उलटं छापत आणि पुढे महिन्याचं अक्षर टाकत. म्हणजे मार्च १८९८. पुण्यात प्लेगनं कहर मांडला होता, त्या सुमाराचं घड्याळ. गृहस्थांना एकदम जबाबदारी वाटू लागली.

पेठेतल्या घड्याळजींनी पेटीचं मागचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "मशीन काढून टाका. सेलचं बसवून देतो, संध्याकाळी घेऊन जा." गृहस्थ घड्याळ उचलून घरी आले आणि स्क्रूड्रायव्हर शोधू लागले. असल्या सल्ल्यानं दुखावलेली माणसंच पुढे दुरुस्तीला बसतात.

आत पाहतात तो घड्याळापेक्षा आधीच्या दुरुस्तीवाल्यांचीच कर्तबगारी जास्त. चक्रांचे आस पितळी पत्र्यांच्या भोकांत फिरतात. वर्षानुवर्षांच्या घासणीनं भोकं लांबट होतात, चक्रं कलतात आणि दाते एकमेकांत नीट बसत नाहीत. यावर खरा उपाय म्हणजे भोक मोठं करून नवं बुश बसवणं. इथे कुणीतरी भोकाभोवती पोगर ठोकून पितळ आत ढकललं होतं, दुसऱ्यानं शेजारी डाग दिला होता. तिसऱ्यानं पत्र्यावर सुईनं आपली आद्याक्षरं आणि तारीख कोरली होती. हे कोरणं मात्र घड्याळजींच्या जगात जुनं आणि रीतसर आहे, फक्त या सहीखालचं काम सही करण्याजोगं नव्हतं.

आणि सगळ्यांवर हिरवट, चिकट लेप. वास घेताच काकूंनी ओळखलं, "खोबरेल आहे." खोबरेल तेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. पुण्याच्या डिसेंबरात पहाटे पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. म्हणजे हे घड्याळ दर हिवाळ्यात गारठून बंद पडत असणार, उन्हाळ्यात आपोआप सुरू होत असणार आणि त्या घरात ते लहरी म्हणून ओळखलं जात असणार. मुळात घड्याळाच्या दात्यांना तेल लागतच नाही. आसाच्या टोकांना खास तेलाचा एकेक थेंब पुरतो. पण प्रेमानं तेल चोपडण्याची आपली सवय बाळाच्या टाळूवर थांबत नाही.

खोलण्याआधी स्प्रिंगा सैल कराव्या लागतात, त्यात अशा अमेरिकन घड्याळात त्या डबीतही नसतात, उघड्याच असतात. त्यांना धरून ठेवतं ते एक छोटं कुत्रं, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतं तसंच. चावी हातात घट्ट धरून, कुत्रं किंचित उचलून, स्प्रिंग थोडी थोडी सोडायची. गृहस्थांनी कुत्रं उचललं आणि नेमका दारावरची बेल वाजली म्हणून मान वळवली. चावी गरकन फिरली, बोटांवर सटासट बसली आणि कुरिअरवाल्याच्या कागदावर सही डाव्या हातानं झाली.

सफाई झाली, एका लेथवाल्याकडून बुश बसवून आणली, जोडणी झाली. घड्याळ पाच मिनिटं चाललं आणि थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा थांबलं. रोग साधा होता. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं नव्हतं. घड्याळ लंगडत चाललं की लवकरच थांबतं. लंबकाला ढकलणारी तार केसभर वाकवली की ते सरळ चालू लागतं. तार वाकवली, टेबलावर झकास चाललं. फ्रिजवर ठेवलं, बंद. फ्रिज एका बाजूला कललेला निघाला. शेवटी पाचर घड्याळाखाली न लावता फ्रिजखाली लावली आणि त्या निमित्तानं फ्रिजची घरघरही गेली. काकूंच्या हिशेबी या सगळ्या उद्योगाची ही एकच ठोस कमाई.

राहिले टोले. या घड्याळात टोले मोजणारं चाक वेगळं असतं. त्याला काट्यांशी देणंघेणं नसतं; मागच्या खेपेला किती वाजवले, त्याच्यापुढचे ते वाजवतं. काटे घाईनं फिरवले की हिशेब चुकतो. तसा तो चुकला आणि अकराला चार वाजू लागले. यावर सोपी युक्ती अशी, की टोल्यांना हात न लावता तासकाटाच उचलून जितके वाजले त्या आकड्यावर आणायचा आणि मग दोघांना मिळून खऱ्या वेळेपर्यंत न्यायचं. गृहस्थांनी तेही केलं. अकराला अकरा वाजले.

आणि रात्री बाराला बारा. तासाचे टोले दिवसाला १५६, अर्ध्या तासाचे २४, एकूण १८०. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "याला चावीची दोन भोकं कशाला हो?" एक वेळेचं, एक टोल्यांचं, हे गृहस्थांनी उत्साहानं समजावलं. तेव्हापासून टोल्यांच्या भोकात चावी जात नाही. पाहुणे यायचे असले की गृहस्थ ती बाजू हळूच भरून ठेवतात. मधल्या काळात हिशेब पार चुकलेला असतो, त्यामुळे दुपारी एकला घड्याळ घणघणीत नऊ टोले देतं आणि पाहुणे म्हणतात, "वा, आवाज काय आहे!"