रूळ कशाने कापायचा?

मिलवॉकी, जानेवारी

ती. बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार,

पत्रास कारण की, तुमच्या चिरंजिवांनी आमच्या तळघरात बोरघाट बांधायला घेतला आहे. फोनवर तो नुसतं "मजेत आहे" म्हणेल, म्हणून हे लेखी कळवते. एका भिंतीला कर्जत, दुसऱ्या भिंतीला खंडाळा, मधे १८६३ मधलं ते जुनं रिव्हर्सिंग स्टेशन आणि त्याच्या बरोब्बर खाली आमचं वॉशिंग मशीन. धुणं सध्या वाकून, डोकं सांभाळून टाकावं लागतं. लहानपणी कोथरूडच्या जोशींच्या रेल्वे म्युझियममध्ये त्याला बोट धरून कोण घेऊन गेलं होतं, हे मी इथे लिहीत नाही.

बाबा, एक कडू बातमी आधीच सांगून टाकते. तुम्ही रेल्वेत पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांचे इन्स्पेक्टर, म्हणून जन्मभर १६७६ मिलिमीटरचा गेज तपासलात. आमच्या मॉडेलच्या १:८७ च्या हिशेबाने तो एकोणीस मिलिमीटरच्या जरा वर यायला हवा. दुकानात तयार मिळतो तो साडेसोळाचा, म्हणजे इकडचा स्टँडर्ड गेज. तेव्हा तुमची डेक्कन क्वीन आमच्याकडे थोडी अंग चोरून धावेल. रुळाची उंची मात्र जमली आहे. 'कोड ८३' म्हणजे इंचाचे ८३ हजारांश, २.१ मिलिमीटर. तुमच्या साठ किलोच्या रुळाचे १७२ मिलिमीटर ८७ ने भागले की जवळपास तेवढेच येतात. १८६३ च्या घाटात साठ किलोचा रूळ कुठून आला, हे मी विचारलेलं नाही. संसार करायचा आहे.

आता मुख्य कटकट. हा रूळ तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत येतो आणि हाताने वाकवता येतो. वाकवला की आतल्या बाजूचा रूळ स्लीपरमधून सरकून पुढे डोकावतो. तेवढा कापायचा. कशाने कापायचा, यावर घरात दिवाळीपासून खल चालू आहे.

पहिलं हत्यार म्हणजे रूळ कापायची खास पक्कड, झुरॉन कंपनीची. बाबा, तुमचा अडकित्ता डोळ्यांसमोर आणा, फक्त नाजूक. रूळ तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाचा, मऊ. कट् म्हणून तुटतो. पण पक्कडीची एक बाजू सपाट आणि एक उतरती असते. सपाट बाजू ठेवायच्या तुकड्याकडे हवी. उलटी धरली की नेमकं आपल्या कामाचं टोक चेपतं आणि त्यावर जॉइनर, म्हणजे तुमची फिशप्लेट, काही केल्या चढत नाही. शिवाय तुटलेला तुकडा बोटाने दाबून धरला नाही तर बंदुकीची गोळी. एक तर तुमच्या नातीच्या, ईराच्या दप्तरात सापडला. हे सगळं ठाऊक असूनही तुमच्या मुलाने त्याच पक्कडीने पॉइंटच्या, म्हणजे सांधा बदलायच्या, मोटरची पोलादी तार कापली. पात्याला अर्धचंद्र पडला. नवी आणली.

दुसरं हत्यार त्याचं लाडकं, ड्रेमेल कंपनीचं हातात धरायचं फिरतं यंत्र. ही कंपनी १९३२ मध्ये इथून जवळच रसीनला सुरू झाली, म्हणून तो तिला ग्रामदैवताचा मान देतो. मिनिटाला पस्तीस हजारांपर्यंत फेरे. चकती लावली की रूळ लोण्यासारखा कापला जातो खरा, पण तापतोही, आणि खालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळून वाकडे होतात. बरं, यंत्राचं धूड आडवं येतं, त्यामुळे बसवलेल्या रुळावर चकती सरळ उभी राहत नाही आणि काप तिरका जातो. पातळ चकती जरा कलली की फुटते आणि तुकडे कुठेही उडतात. या गोष्टीचं हसू येत नाही, म्हणून ती शेवटी पुन्हा काढणार आहे.

तिसरी बारीक दातांची करवत. ती माझ्याकडे आली, कारण तिला आवाज नाही आणि घाई चालत नाही, त्यामुळे साहेबांना तिच्यात रस नाही. लाकडाच्या खाचेच्या ठोकळ्यात रूळ घट्ट बसवायचा आणि हलक्या हाताने ओढायची. जोर केला तर रूळ हलतो आणि त्याला धरून ठेवणारे स्लीपरवरचे इवलेसे खिळे उपटतात. पण बसवलेल्या रुळात फट पाडायची असेल तर हिच्याइतकं नेटकं काही नाही. कर्जतपुढे गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर परत येते; तिथे डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. म्हणून दोन्ही रुळांत, वळशाच्या दोन्ही टोकांना, फटी ठेवाव्या लागतात. त्या मी पाडल्या. फटीत प्लास्टिकचा कपटा चिकटवला, नाहीतर त्या आपोआप मिटतात. बाबा, तुमचे रूळ उन्हाळ्यात वाकायचे. इथे उलटी तऱ्हा आहे: हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी पडते, खालचं लाकूड आकसतं आणि रुळांना जागा पुरत नाही.

माझं मत विचाराल तर सुटा रूळ पक्कडीने कापावा, बसवलेला करवतीने, आणि कशानेही कापला तरी बारीक कानस फिरवल्याशिवाय जोडू नये. वरची, आतली आणि तळाची कड घासली नाही की इंजिन त्याच जागी उडी मारतं. ड्रेमेल जिथे हातच पोचत नाही तिथेच, आणि तेही संपूर्ण चेहरा झाकून.

हे मी सांगते तेव्हा तो "हो हो" म्हणतो आणि साधा चष्मा लावून यंत्र सुरू करतो. म्हणून बाबा, रविवारी त्याचा फोन आला की घाटाची चौकशी नंतर करा. आधी तुमच्या ड्युटीवरच्या आवाजात विचारा, फेस शील्ड कुठे आहे?

आपली,
मधुरा