डेट्रॉईटचे मामा, मुक्काम भालकी

आमच्या बीदर जिल्ह्यात टवेरा मामा एकच नाहीत. भालकीला एक आहेत, बसवकल्याणला एक आणि औरादला दोन. औरादच्या दोघांत बोलणं नाही, कारण भंगारात निघालेल्या एकाच गाडीचं डावं दार दोघांनाही हवं होतं. मी लिहितोय ते भालकीच्या मामांबद्दल. बाकीच्यांनी हे आपल्यावरच लिहिलंय असं समजून रागवायला हरकत नाही.

मामांना ओळखणं सोपं आहे. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, कपाळाला मैलारच्या खंडोबाचा भंडारा आणि खिशाला पेनाऐवजी टायरची हवा बघायचं गेज. हॉटेलात चहाला बसले तर जिथून गाडी दिसते तीच खुर्ची. ती रिकामी नसेल तर उभ्यानं चहा. गाडी म्हणजे २००८ ची शेवरले टवेरा, केए ३९ पासिंग, रंग एके काळी पांढरा. त्या साली उसाचं बिल बरं आलं होतं आणि शेजारचं दोन एकर रान घ्यायचं घरात ठरलं होतं. रान राहिलं, टवेरा आली. मामी दर दिवाळीला त्या रानाचा चालू भाव काढून आणतात आणि जेवताना मामांच्या कानावर घालतात. मामा त्या वेळी मीठ मागतात.

“अमेरिकन गाडी हाय,” हे मामांचं पहिलं वाक्य. ओळख करून देताना ते आपलं नाव नंतर सांगतात.

आता खरं सांगायचं तर टवेरा मूळची जपानी. इसुझु कंपनीची पँथर नावाची गाडी होती, तिचाच हा अवतार. अडीच लिटरचं डिझेल इंजिनही इसुझुच्याच घराण्यातलं. बांधणी गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यात. म्हणजे अमेरिकेचं त्यात काय, तर नाव आणि पुढच्या जाळीवरचं ते सोनेरी चिन्ह. मी हे एकदा मामांना सांगितलं. मामा म्हणाले, “नाव तरी अमेरिकन हाय का न्हाई?”

नावाचीही गोष्ट तशी सरळ नाही. लुई शेवरले हा जन्मानं स्विस, रेसचा ड्रायव्हर. १९११ साली डेट्रॉईटमध्ये विल्यम ड्युरँट नावाच्या महत्त्वाकांक्षी गृहस्थानं त्याला हाताशी धरून कंपनी काढली. लुईला भारी, वेगवान गाडी करायची होती आणि ड्युरँटला स्वस्त, खपणारी. दोन-चार वर्षांतच लुई बाहेर पडला. नाव मागं राहिलं आणि त्या नावानं पुढं इतकं कमावलं, की १९२७ मध्ये शेवरलेनं खपात फोर्डलाही मागं टाकलं. लुईच्या हाती मात्र फारसं काही लागलं नाही. १९४१ मध्ये तो गेला तेव्हा परिस्थिती बेताचीच होती. ड्युरँटचंही तेच. पुढं शेवरलेची मालक झालेल्या जनरल मोटर्समधून दोनदा हाकलला गेलेला हा माणूस शेवटी फ्लिंट गावात बोलिंगचा अड्डा चालवत होता.

मामांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “म्हंजे ज्याचं नाव, त्यानंच आधी सोडली. ज्यानं काढली, त्याला लोकांनी सोडवली. मी न्हाई सोडली. मग मालक कोन, तुमीच सांगा.”

त्या पुढच्या जाळीवरच्या चिन्हानं मामांना फार छळलंय. कंपनी त्याला बो टाय म्हणते, पण भालकीत बो टाय बांधून फिरणारं कोण? लोकांना ते बेरजेचं चिन्ह वाटतं, नाही तर दवाखान्याचं. एकदा सिद्धेश्वर फाट्यावर एका म्हातारीनं हात दाखवून गाडी थांबवली आणि आत बसून, दंड उघडा करून सुईची वाट पाहत राहिली. मामांनी तिला घरापर्यंत सोडलं. उतरताना म्हातारीनं गोळ्या मागितल्या. मामांनी डॅशबोर्डावरचे दोन पेपरमिंट दिले. ती बरी झाली म्हणतात.

पुढं ते चिन्हच पडलं. हैदराबादच्या जुन्या पार्टच्या बाजारात मिळालं ते प्लास्टिकचं, वर सोनेरी कागद. दुसरा कुणी असता तर चिकटवून मोकळा झाला असता. मामा थेट बीदरला गेले, बिदरी काम करणाऱ्या एका कारागिराकडं. बिदरी म्हणजे जस्त आणि थोडं तांबं यांचा ओतीव धातू, त्यावर छिन्नीनं नक्षी कोरायची, खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची आणि मग किल्ल्यातली माती नवसागरात कालवून त्या उकळत्या पाण्यात वस्तू धरायची. धातू काळाकुट्ट होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. माती किल्ल्यातलीच लागते, अंगणातली चालत नाही. सुरई, पानदान, हुक्क्याचं बूड, ही त्या घराण्याची पिढीजात कामं. कारागिरानं प्लास्टिकचा नमुना उलटसुलट करून पाहिला.

“ये कौनसे बादशाह का निशान है मामू? बहमनी का तो नै दिखता.”

“डेट्रॉईट का.”

“हौ?” कारागीर म्हणाला. “उनकी हुकूमत खतम हो गई क्या?”

“इदर की खतम हो गई.”

“फिर नक्षी पक्की डालता मैं,” कारागीर म्हणाला, आणि त्यानं कडेनं चांदीची वेल काढून दिली. आज जगात कुठल्याही शेवरलेला नसेल असं चिन्ह भालकीच्या टवेराला आहे. वजन इतकं, की जाळीला आतून तारेनं आवळावं लागलं. खंडेनवमीला मामा त्याला हळदकुंकू वाहतात आणि मग खोबरेल तेल लावून रुमालानं पुसतात, कारण बिदरीला तेलाचा हात लागतो.

बीदरच्या माणसाला तशी गेलेल्या राजवटींची सवय आहे. बहमनी गेले, बरीदशाही गेली, आदिलशहा, मुघल आणि निजामही गेले. मामा हाच हिशेब २०१७ मध्ये इथून गेलेल्या कंपनीलाही लावतात. मात्र मामांच्या मते ही राजवट परत येणार आहे, आणि त्यांच्याकडं तारीखसुद्धा आहे.

ती अशी. जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला मोटारी जोडायचा कारखाना घातला १९२८ मध्ये. देशातला तो पहिलाच. तिथून निघालेल्या शेवरले संस्थानिकांच्या दारात आणि शेठ लोकांच्या पेढीसमोर उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण असं झालं की नुसते सुटे भाग आणून जोडू नका, इथं बनवा. ते काही त्यांना परवडेना आणि १९५४ साली दार लागलं. मग १९९४ मध्ये बिर्लांचा हात धरून कंपनी परत आली, हालोलला. आधी ओपेल विकली, आणि २००३ पासून शेवरले हे नाव पुन्हा रस्त्यावर आलं. मामा बोटावर मोजतात, “चोपन्नला गेले, चौऱ्यान्नवला आले. किती झाले? चाळीस. आता सतराला गेले. सतरा आन चाळीस किती?”

“सत्तावन्न.”

“झालं तर मग. २०५७. तवर गाडी चालू ठेवायची, यवडंच आपलं काम.”

२००३ ते २०१० हे मामांचं सुवर्णयुग. टवेरा २००४ साली आली, पुढच्याच वर्षी टोयोटानं चांगली चालणारी क्वालिस बंद केली आणि ट्रॅव्हलवाल्यांची रांग टवेराकडं वळली. दहा माणसं बसतील अशीही गाडी मिळायची, आणि दहा म्हणजे आमच्याकडं चौदा. हुमनाबादच्या माणिकनगरला, गाणगापूरला, तुळजापूरला, पंढरपूरला, जिथं म्हणाल तिथं टवेरा उभी. २००८ मध्ये तळेगावला दुसरा कारखाना निघाला. मामा आळंदीला जाताना वाट वाकडी करून तळेगावला थांबले, फाटकासमोर उतरले, चप्पल काढून नमस्कार केला. पोरगा म्हणाला, “अहो, आपली गाडी हितं नाही झाली, हालोलला झाली.” मामा म्हणाले, “मावशीच्या पाया पडलं तर काय बिघडतं?” आता त्या फाटकावर ह्युंदाईची पाटी आहे आणि हालोलला एमजी. मामा आळंदीला जायचा रस्ता बदलून आता सोलापूर-पंढरपूरवरून जातात. लांब पडतं, पण मनाला बरं.

२०१३ च्या जुलैत एक भानगड झाली. कंपनीनं २००५ ते २०१३ मधल्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. धूर नियमात बसत नव्हता, आणि निघालं असं, की सरकारी तपासणीसाठी कमी धुराची इंजिनं निवडून पुढं केली जात होती. काही अधिकाऱ्यांना कंपनीनं घरी पाठवलं. पेपरात बातमी आली तेव्हा आम्हाला वाटलं, आता मामांची मान खाली जाईल. मामा बातमी कापून खिशात घालून आले. “शाळा तपासाया सायेब आलं, की मास्तर हुशार पोरं पुढच्या बाकावर बशिवतंय का न्हाई? त्यात काय नवं हाय?” आणि मग छाती काढून, “पर माझ्या गाडीचा धूर डेट्रॉईटपतोर गेला म्हनायचं.”

खरी घसरण धुरानं झाली नाही, असं माझं मत. शेवरलेच्या नावाखाली आपल्याकडं आलेल्या गाड्यांची गोत्रंच वेगवेगळी होती. ऑप्ट्रा आणि स्पार्क कोरियाच्या देवूकडच्या, टवेरा जपानची, शेवटी आलेल्या सेल आणि एन्जॉय चीनमधल्या भागीदारीतल्या. गिऱ्हाईकाला कळेना की आपण नेमकं कुणाच्या घरचं घेतोय. आज एक मॉडेल, उद्या ते बंद, परवा दुसरं. गाडी विकत घेताना आमचा माणूस दोनच प्रश्न विचारतो. मोडली तर कोण दुरुस्त करणार, आणि विकली तर किती येणार. मारुतीकडं दोन्हीची उत्तरं होती. यांच्याकडं जाहिरात होती, आणि जाहिरात चांगली होती, हेही म्हटलं पाहिजे. शेवटी शेवटी बाजारातला वाटा शेकड्याला एकाच्याही खाली आला. १८ मे २०१७ ला कंपनीनं जाहीर केलं, वर्षाअखेर विक्री बंद. त्याच साली तिनं युरोपातली ओपेलही विकून टाकली होती, तेव्हा भालकीचं काय घेऊन बसलात.

त्या संध्याकाळी मामांकडं माणसं भेटायला आली. कुणी बोलावलं नव्हतं. ओसरीवर बसली, खाली बघत. एकानं “कसं झालं?” विचारलं. मामी आतून म्हणाल्या, “चहा टाकू का मयतासारखं नुसतंच बसलालाव?” तेव्हा कुठं हसू फुटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली. ज्या गावांची माणसं मामांच्या गाडीची वाट बघायची ती आता रुळावरून जाऊ लागली. मामा त्या रेल्वेत अजून बसलेले नाहीत. “रेल्वेला काय, ती सरकारी. तिला बंद पडायचं सुख न्हाई.”

आता गाडी अशी आहे. काचा खालीवर करायचं हँडल एकच शिल्लक आहे आणि ते डॅशबोर्डाच्या कप्प्यात असतं. ज्याला गरम होईल त्यानं मागायचं, फिरवायचं आणि परत द्यायचं. मधलं दार फक्त बाहेरून उघडतं, म्हणून मामा स्वतः उतरून दार उघडतात, आणि नवख्या पाहुण्याला वाटतं केवढा हा मान. मागच्या पाट्यांत एक पान कमी आहे. क्लच प्लेट, फिल्टर, नोझल हे हैदराबादला अजून मिळतं. अडतं ते दिवे, आरसे आणि हँडल यांच्यापाशी. म्हणून कुठं टवेरा पडल्याची बातमी आली की मामा निघतात. हुमनाबादच्या अलीकडं अपघात झाल्याचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. मामांनी आधी विचारलं, “माणसं?” सगळी सुखरूप असल्याचं कळलं. “देवाची किरपा,” मामा म्हणाले, आणि आवाज खाली आणून, “उजवा आरसा?”

२०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. आरसी नव्यानं करायची फी आधी सहाशे होती, २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झालेली. पोरगा म्हणाला, तेवढ्यात पोराबाळांची दिवाळी होईल. उदगीरचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी येऊन भाव सांगून गेला. मामांनी त्याला चहा दिला, फाटकापर्यंत पोचवलं आणि मग घरात येऊन म्हणाले, “म्हशीला याच्याहून जास्त मिळतंय.” दुसऱ्या दिवशी पाच हजार भरले. पाच वर्षांची मुदत मिळाली. मामांच्या हिशेबानं २०५७ पर्यंत असे अजून सहा-सात हप्ते भरायचे, एवढंच.

तर वाचकांपैकी कुणाकडं २००८ च्या टवेराचा मागचा उजवा दिवा पडून असेल, तर भालकीला येऊन कुणालाही टवेरा मामा म्हणून विचारावं. पैसे रोख मिळतील, वर चहा. डुप्लिकेट मात्र आणू नका. मामा काचेवर नख वाजवून ओळखतात.