कर्ता फरार

मराठी शाळांतून व्याकरण हद्दपार झालं म्हणून गळे काढणाऱ्यांनी एकदा सायंदैनिकांची आणि जिल्हा आवृत्त्यांची गुन्ह्यांची पानं उघडून पाहावीत. पंचमी विभक्ती तिथे नुसती जिवंत नाही, कमरेला कोयता लावून हिंडते आहे. ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर वार’, ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’, ‘किरकोळ वादातून वृद्धेला पेटवले’ अशा ठरीव मथळ्यांत कारण असतं, बळी असतो, कधीकधी हत्यारही असतं. वार करणारा माणूस तेवढा नसतो. ‘वरून’ हा विभक्तिप्रत्यय नव्हे, शब्दयोगी अव्यय आहे, अशी हरकत एखादे गुरुजी घेतील. मान्य. अटक त्यालाही झालेली नाही. कर्ता फरार झाला की त्याच्या जागी त्याची सबब येऊन बसते, आणि सबब नेहमी त्याच्याच बाजूची असते. मुलीचा महिनोन्‌महिने पाठलाग करणं हा 2013पासून कायद्याने गुन्हा आहे, मथळ्यात मात्र ते अजून प्रेमच आहे. संशय घेतला जातो तो मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर. मारणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल कुणाला शंका आल्याचं वाचनात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली व्यभिचाराला फौजदारी गुन्ह्यांच्या यादीतून काढलं, पण ‘अनैतिक संबंधातून’ या शब्दांपर्यंत निकालाची प्रत अद्याप पोहोचलेली दिसत नाही.

कधीकधी कर्ता सापडतोही. तेव्हा तो नराधम असतो. वरवर पाहता ही भरपाई वाटते. प्रत्यक्षात ती पळवाटच आहे. आधीच्या मथळ्यात खून प्रेमाने केला, इथे राक्षसाने केला. शेजारी राहणारा, नोकरीला जाणारा, गणपतीची वर्गणी देणारा पुरुष दोन्हीकडून सुटला. शिवाय राक्षसपद मिळणं गुन्ह्यावर कमी आणि बाईवर जास्त अवलंबून असतं. ब्रिटनमधल्या ‘द सन’ या टॅब्लॉइडने 1980च्या दशकात दिलेल्या लैंगिक अत्याचारांच्या बातम्या केट क्लार्क या अभ्यासिकेने तपासल्या होत्या. बळी पडलेली स्त्री कुणाची पत्नी, आई किंवा शाळकरी मुलगी असेल तर हल्लेखोर सैतान ठरे. ती घटस्फोटित, अविवाहित माता किंवा नुसतीच ‘सोनेरी केसांची’ असेल तर सैतान मवाळ होई आणि दोष हळूच तिच्याकडे सरके. हेच वर्तमानपत्र 1970पासून चाळीसहून अधिक वर्षं तिसऱ्या पानावर अर्धनग्न तरुणींची छायाचित्रं छापत होतं, तेव्हा केसांच्या रंगाबाबतचा त्याचा अधिकार वादातीत म्हणायला हवा. आपल्याकडचं वर्गीकरण फारसं वेगळं नाही. चिमुरडी आणि विवाहितेच्या वाट्याला नराधम येतो. बारबाला आणि ‘लिव्ह-इन’वालीच्या वाट्याला ‘प्रकरण’ येतं.

उपसंपादकांची बाजूही ऐकली पाहिजे. मथळ्याला जागा नसते, हे त्यांचं पहिलं म्हणणं. मोजून पाहा: ‘पतीने केला पत्नीचा खून’ हा मथळा ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’पेक्षा छोटा आहे. दुसरं म्हणणं कायद्याचं. गुन्हा सिद्ध होईपर्यंत कुणाला गुन्हेगार म्हणता येत नाही आणि बलात्कारपीडितेचं नाव छापता येत नाही. दोन्ही बंधनं रास्त आहेत. मात्र पहिल्याची इतकी धास्ती असेल, तर अटकेच्याच दिवशी नराधम छापताना ती कुठे जाते? दुसऱ्याचं पालन तर असं, की नाव गाळायचं आणि गल्ली, कॉलेज, वडिलांचा व्यवसाय छापायचा. पोस्टमनला पत्र पोहोचवायला याहून कमी तपशील पुरतात. पीडितेची दूरान्वयानेही ओळख पटेल असं काही छापू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 सालीच निपुण सक्सेना खटल्यात बजावलं आहे. वृत्तपत्री मराठीची घडणच अशी, त्यात हेतू शोधू नका, असं तिसरं म्हणणं आहे. ते पटलंही असतं, पण आरोपी गरीब आणि बाहेरगावचा असला की हीच घडण सरळ होते. ‘नेपाळी वॉचमनने’, ‘परप्रांतीय मजुराने’ असा कर्ता तृतीयेच्या ‘ने’सह, गावाच्या पत्त्यानिशी वाक्याच्या तोंडाशी हजर होतो. ‘पुणेकर इंजिनिअरने’ असा मथळा मात्र शोधावा लागतो. म्हणजे कर्त्याला हजर करणारा प्रयोग कार्यालयात येतो. फक्त कुणावर करायचा, हे ठरलेलं असतं.

उरतो हुकमी एक्का: लोकांना हेच हवं असतं, आणि आम्ही पोलिसांनी दिलेलीच माहिती छापतो. दोन्ही गोष्टींचा निकाल लिव्हरपूल शहराने लावला आहे. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या फुटबॉल सामन्यात चेंगराचेंगरी झाली; बळींचा आकडा पुढे 97 झाला. चार दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर ‘सत्य’ अशा मथळ्याखाली छापलं, की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मृतांचे खिसे मारले आणि पोलिसांवर लघवी केली. माहिती पोलिसांच्या गोटातूनच आली होती. इथे कर्ता हजर होता, ठळक टाइपात होता, फक्त चुकीचा होता. मैदानावरची व्यवस्था ज्यांच्या हाती होती, ते पोलीस वाक्यातून फरार होते. ज्युरीने त्यांना 2016 साली पुन्हा वाक्यात आणलं: मृत्यू बेकायदा ठरले आणि दोष प्रेक्षकांचा नाही, असा निर्णय झाला. त्याआधी, 2012 साली, ‘द सन’ने माफी मागितली होती, ‘खरं सत्य’ या मथळ्याखाली. साधं सत्य 1989 सालीच वापरून झालं होतं, त्यामुळे दुसरं काढावं लागलं असणार. लिव्हरपूलकरांनी मात्र कुठल्याच सत्याची वाट पाहिली नव्हती. ज्यांना ‘हेच हवं असतं’ असं म्हणतात, त्या वाचकांनी ते वर्तमानपत्र घेणंच बंद केलं. तिथली कित्येक दुकानं आजही ते ठेवत नाहीत. मैदानावर एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन्ही क्लबांनी 2017 साली त्याच्या वार्ताहरांना दारं बंद केली.