कृपया माझ्या नावावर आणखी काही करू नका

नोवी, मिशिगन
रविवार, कपडे ड्रायरमध्ये फिरताहेत तोवर

ती. बाबा आणि आई, सा. न.

पार्सल मिळालं. भडंग, बेदाणे, कांदा-लसूण मसाला, हळद आणि पासबुकांच्या झेरॉक्स, सगळं पोचलं. फक्त झेरॉक्स भडंगाच्या पिशवीलाच गुंडाळायची कल्पना कुणाची? आपल्या बँकेच्या पानावर तेल उतरलंय. ऑगस्टच्या शिलकेत तीन आहे की आठ, हे मकरंद मघापासून कागद दिव्यासमोर धरून बघतोय. बाबा, फोनवर सांगा. भडंग ओवीने दोन दिवसांत संपवलं आणि वर विचारलं, ‘आजोबांना अजून कागद पाठवायचे आहेत का?’

आता आत्याच्या बातमीबद्दल. अमेरिकेला खाती कळवली की सरकार निम्मे पैसे कापून घेतं, असं ती म्हणाली आणि बाबा दोन रात्री जागे आहेत, हे आईने सांगितलं. आत्याला हे सांगितलं कुणी? तिच्या नणंदेच्या जावयाने? नोटाबंदीत दोन हजारांच्या नोटेत चिप असते म्हणून शपथेवर सांगणारा तोच ना तो? बाबा, झोपा. कुणी काही कापत नाही. खाती लपवली आणि तीही जाणूनबुजून लपवली, तर दंड शिलकेच्या निम्म्यापर्यंत जातो, कधी त्याच्याही वर. जावईबापूंनी एवढंच उचललं असणार. आपण लपवत नाही, कळवतोय. तुमच्या मुद्दलाला कुणी हात लावत नाही आणि पैसे तुमचे असल्यामुळे व्याजही तुमचंच.

कळवायचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या, म्हणजे आत्याला तुम्हीच सांगू शकाल. इथे राहण्याचे दिवस भरले की माणसाला जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. त्याशिवाय एफबार नावाचा एक वेगळाच फॉर्म असतो. तो टॅक्सच्या रिटर्नसोबत जात नाही, थेट ट्रेझरी खात्याच्या एका विभागाकडे जातो. म्हणजे बाबा, तुम्ही सगळी नोकरी सांगलीच्या ट्रेझरीत काढलीत आणि निवृत्तीनंतर तुमचं पासबुक वॉशिंग्टनच्या ट्रेझरीत रुजू झालं. पंधरा एप्रिलची मुदत, नाही जमलं तर न मागता पंधरा ऑक्टोबरपर्यंत वाढते. बाबा म्हणतील, न मागता मुदत वाढवून देणारी ट्रेझरी ही ट्रेझरीच नव्हे.

अट अशी, की परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षातल्या कुठल्याही एका दिवशी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर सगळीच्या सगळी खाती लिहायची. पैसे कुणाचे हा प्रश्न नाही, खात्यावर नाव आहे ना, मग लिहा. आणि ३१ डिसेंबरची शिल्लक नाही चालत, वर्षातली सर्वांत मोठी लागते. आयर्विन पुलावर जसं आज पाणी किती यापेक्षा यंदा कुठवर चढलं होतं ते लोक वर्षानुवर्षं सांगतात, तसं. बाबांनी जुलैत एक एफडी मोडून आठ दिवस बचत खात्यात ठेवली आणि मग दुसरी केली. ते आठ दिवस आता अमेरिकेच्या दप्तरी आहेत. तेच पैसे एकदा एफडीत मोजायचे, एकदा बचत खात्यात, त्यामुळे कागदोपत्री आपण आहोत त्यापेक्षा बरेच श्रीमंत दिसतो. आईला आवडेल.

सगळी म्हणजे खरोखर सगळी. शाळेत स्कॉलरशिप जमा व्हायची ते माझं खातं आठवतंय? त्यात चारशे बारा रुपये आहेत. तेही लिहिलं. वर्षअखेरचा ट्रेझरीचा दर लावून अपूर्णांक वरच्या डॉलरला न्यायचा असतो, म्हणून पाच डॉलर. बँकेचं नाव, शाखेचा पत्ता, खाते क्रमांक. त्याच्याखाली जोडखात्यांचा रकाना, त्यात मुख्य खातेदार म्हणून बाबांचं पूर्ण नाव, गावभाग, सांगली, ४१६४१६. नानाकाकांनी माझ्या लग्नात आहेर म्हणून गळ्यात बांधलेली विमा पॉलिसीसुद्धा लिहावी लागते, कारण मोडली तर तिची किंमत येते. शिवाय परदेशी विमा कंपनीला भरलेल्या हप्त्यावर इथे एक टक्का वेगळा कर आहे, तोही आपणच हिशेब करून भरायचा. नानाकाकांना सांगू नका, ते ‘मग रक्कम वाढवूया’ म्हणतील.

माझं निदान पाच पासबुकांत भागतं. मकरंदच्या आईंचं काय सांगू? ठेवींना बँकेमागे पाच लाखांचंच विमा संरक्षण असतं, हे त्यांनी २०२० मध्ये कुठेतरी वाचलं. तेव्हापासून त्या रत्नागिरीत बँका शोधत फिरताहेत. एकेका बँकेत एकेक ठेव आणि प्रत्येकीवर मकरंदचं नाव. बुद्धी कौतुकाची, पण मकरंद गेले तीन रविवार आयएफएससी कोड टाईप करतोय. (हे पत्र विहिणींच्या भेटीत वाचून दाखवू नका.)

कुकर लावून आले.

मकरंद नोवीहून रोज डेट्रॉईटला जातो ना, तर केंद्राचा कर आणि राज्याचे सव्वाचार टक्के झाल्यावर डेट्रॉईट शहर त्याच्या पगारातले आणखी १.२ टक्के घेतं, तिथे काम केल्याबद्दल. आपली जकात बंद झाली म्हणून अजून हळहळणाऱ्या भाऊकाकांना कळवा, ती इथे सुखात आहे.

बाबांच्या पीपीएफबद्दल वाईट बातमी आहे. तुम्ही मला पहिल्या पगारात उघडून दिलेलं, ‘याला कुणी हात लावणार नाही’ म्हणून सांगितलेलं. व्याज ७.१ टक्के आणि तिकडे करमुक्त. ते करमुक्त आहे हे इथल्या सरकारला कुणी सांगितलेलं नाही, किंवा सांगितलं असेल तर त्याने मनावर घेतलं नाही. मुदत पंधरा वर्षांची, मनात येईल तेव्हा सगळे पैसे काढता येत नाहीत, पण आमचा सीए त्याचं व्याज दरवर्षी उत्पन्नात धरतो. म्युच्युअल फंडांचं तर विचारूच नका. मकरंदने गेल्या वर्षी तीन फंड मोडले, आता प्रत्येकाचा वेगळा फॉर्म, आणि सीए एका फॉर्मचे दीडशे डॉलर घेतो. एका फंडात नफाच तेवढा नव्हता.

आणि तो दाखला! माझं भारतातलं खातं एनआरओ झाल्यापासून बँक व्याजावर तीस टक्के आणि वर सेस कापते, हे तुम्हाला माहीत आहे. वीस हजार व्याज, सहा हजार दोनशे चाळीस कापले. दोन देशांमध्ये १९८९ चा करार आहे, त्याप्रमाणे पंधरा टक्केच कापायला हवेत, म्हणजे तीन हजार. पण त्यासाठी मी अमेरिकेत राहते असा इथल्या सरकारचा दाखला लागतो. अर्जाची फी पंच्याऐंशी डॉलर. पुन्हा वाचा, आई, पंच्याऐंशी! सात हजार रुपयांच्या वर. तीन हजार दोनशे चाळीस वाचवायला! आणि दाखल्यासोबत तिकडचा आणखी एक फॉर्म भरायचा तो वेगळाच. मी इथे राहते हे त्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? पगारातून कापताना तर कुणी दाखला मागत नाही. बर्फ काढायला पहाटे सहाला बाहेर उभी असते तेव्हा येऊन बघावं. आपल्या तलाठ्याला आम्ही उगाच नावं ठेवली, तो चहावर भागवायचा. शेवटी सीए म्हणाला, ताई, दाखला सोडा. भारतात रिटर्न भरा, तिकडे तुमचं एवढंच उत्पन्न असेल तर कापलेलं सगळं परत येईल. मग मी तेच करतेय, पण मकरंद अजून तत्त्वासाठी अर्ज करू म्हणतोय.

तिकडचं वर्ष एप्रिल ते मार्च, इकडचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे बँकेचं प्रमाणपत्र मला अर्धंच उपयोगी. बाबा, तुम्ही फुलस्केपवर रेघा मारून महिनावार व्याज काढून पाठवलंत, लाल शाईने बेरीज तपासून, खाली ‘अक्षरी रुपये’ लिहून, ‘फक्त’ सुद्धा न विसरता. सीएला फोटो पाठवला. तो राजकोटचा आहे. म्हणाला, अंकलना माझ्याकडे पाठवून द्या. ते पान मी फाईलमध्ये लावलेलं नाही. फ्रिजवर आहे, ओवीच्या चित्राशेजारी.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसले. वरचा मजला माझ्या नावावर करायचं चाललंय असं आईच्या बोलण्यात ओझरतं आलं. बाबा, हात जोडते. घर माझं झालं की भाडं माझं, आणि भाडं परदेशातल्या मालकाला जायचं तर भाडेकरूने आधी त्यातले ३१.२ टक्के कापून सरकारात भरायचे, त्यासाठी स्वतःचा टॅन नंबर काढायचा, तिमाही पत्रक द्यायचं. आपले वरचे पाटील! जिन्यातला बल्ब गेला तर दिवाळीपर्यंत अंधारात चढणारे! ते टॅन काढतील? आणि तुम्ही भाडं कधी वेळेवर मागता तरी का? मग मला इथे बसून, न आलेल्या भाड्याचा दोन देशांना खुलासा करावा लागेल.

तुम्ही नाव का घालता ते मला कळतं. २०१९ च्या पुरानंतरच्या दिवाळीत आले, तेव्हा चहा घेतल्या घेतल्या मला बँकेत नेलंत. भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या खांद्याच्या वर. पूर आला तेव्हा मी इथे रात्ररात्र फोनवर पुलाचे फूट बघत बसायची, आणि तुम्ही ‘आम्ही माळ्यावर मजेत आहोत’ म्हणत होतात. बँकेत मी विचारलं, आत्ताच कशाला? तुम्ही म्हणालात, ‘असू दे, कुणाचं तरी नाव पाहिजे.’ कारकुनाने माझा फोटो उलटा चिकटवला होता. बाबा, ती खाती राहू देत, मी दरवर्षी लिहीन. नवीन काही नको, एवढंच. द्यायचंच असेल तर मे महिन्यात आंबे असताना तिकिटं काढतो, तेव्हा खोली झाडून ठेवा.

ड्रायर वाजला. पटपट बाकीचं: बंडूचं लग्न ठरलं हे उत्तम, मुलगी मिरजेची म्हणजे रोज माहेरी जाईल, काकूंनी तयारी ठेवावी. कुलकर्णींनी कुंपण पुन्हा दीड फूट आत घेतलंय तर भांडू नका, मोजणी मागवा. आईने गुडघ्यासाठी ते तेल लावणं बंद करून डॉक्टरांकडे जावं. मंगलमावशीला स्वतंत्र पत्र लिहिते, तिची सून घर सोडून गेली की फक्त माहेरी गेली, हे आधी नक्की कळवा म्हणजे त्या सुरात लिहिता येईल.

तुमची,
ठमी

ता. क. आई, तू दबक्या आवाजात विचारलंस त्याचं उत्तर: नाही. लॉकरमधल्या पाटल्या, गोठ आणि आजीची ठुशी यातलं काहीच कळवायचं नसतं. नुसतं घरचं सोनं या फॉर्मात येत नाही. पण हे आत्याला सांगू नकोस. ती उद्या सगळ्या एफडी मोडून सराफकट्ट्यावर उभी राहील, आणि बिल माझ्या नावावर कर म्हणेल.