व्हॉल्व्ह अँप दुरुस्तीची सोपी पद्धत (ऑसिलोस्कोप घेऊन बसलेल्यांसाठी)

ऑसिलोस्कोप घरात आला की पहिली अडचण ही, की त्याच्यापुढे ठेवायला बिघडलेलं काही सापडत नाही. मोबाईल उघडण्यात अर्थ नाही आणि टीव्ही घरचे उघडू देत नाहीत. अशा वेळी गिटार वाजवणारा एखादा मित्र गाठावा आणि त्याचा व्हॉल्व्हचा अँप मागून आणावा. तो बिघडलेला असतोच. नसला तरी मित्राला तसं वाटत असतं.

नमुन्यादाखल फेंडरचा ट्वीड डिलक्स घेऊ, ५ई३ या आराखड्याचा. हा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात बनत असे. नील यंगचा तो ओळखीचा खरखरीत आवाज १९५९ सालच्या अशाच डिलक्सचा. आत एक १२एवाय७, एक १२एएक्स७, दोन ६व्ही६, एसीचं डीसी करणारा एक ५वाय३ आणि मोजके रेझिस्टर-कॅपॅसिटर. आराखडा इतका साधा की जगभरचे हौशी लोक त्याच्या नकला घरी जोडतात, त्यामुळे तुमच्या टेबलावर नक्कलच येईल. चुकून अस्सल आला, तर तो अमेरिकेच्या ११७ व्होल्टसाठी बनला आहे आणि आपल्या भिंतीतून २३० येतात, हे प्लग लावण्याआधी आठवावं.

पायरी पहिली: मरू नये. हा विनोद नाही. आत साडेतीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कॅपॅसिटरात दबा धरून बसतात. एखाद्या दणकट रेझिस्टरमधून ते रिकामे करा, मग मीटर लावून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडण्याची पद्धत प्रेक्षणीय आहे, पण प्रेक्षकांसाठी. अँप चालू असताना एक हात खिशात ठेवावा. जुन्या अमेरिकन अँपना बऱ्याचदा दोन पिनांचीच वायर असते आणि एक कॅपॅसिटर मेन्समधून थेट चासीला जोडलेला असतो. तिकडचे मेकॅनिक त्याला 'डेथ कॅप' म्हणतात. तो काढून तीन पिनांची वायर लावा, मित्र 'ओरिजिनल आहे' म्हणून कितीही कळवळला तरी.

आता प्रोब. त्याची छोटी काळी क्लिप निरुपद्रवी दिसते, पण ती स्कोपच्या बॉडीतून थेट भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेली असते. म्हणून ती फक्त चासीला लावायची. दुसरीकडे कुठे लावली, तर तो बिंदू त्या क्षणी शॉर्ट होतो. यावर 'स्कोपची अर्थ पिन कापून टाका' असा सल्ला देणारे अनुभवी लोक भेटतील. त्यांना चहा पाजावा आणि पिन तशीच ठेवावी. प्रोबचा खटका १० एक्सवर असू द्या. ६व्ही६ च्या प्लेटवर मात्र साधा प्रोब नेऊच नका. दोन व्हॉल्व्ह आलटून पालटून खेचतात, तेव्हा तिथला व्होल्टेज पुरवठ्याच्या जवळपास दुपटीपर्यंत उसळतो, म्हणजे सातशेच्या घरात. बहुतेक साध्या प्रोबांची मर्यादा याच्या आतच संपते. त्यासाठी १०० एक्सचा प्रोब लागतो, आणि तो विकत आणेपर्यंत तिथे बघण्याची इच्छा बहुधा मावळते.

स्पीकर काढून त्या जागी ८ ओहमचा, निदान ५० वॉटचा रेझिस्टर लावा. काहीच न लावता सिग्नल दिला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तुमच्या स्कोपला आयुष्यभराचं काम मिळतं. रेझिस्टर लावला की शेजारीही बोलायचे थांबतात, कारण हजार हर्ट्झची शिट्टी तासभर ऐकणं कुणाच्याच नशिबी येऊ नये.

इनपुटला हजार हर्ट्झचा, पन्नासेक मिलिव्होल्टचा सिग्नल द्या आणि तो कुठवर पोचतो ते प्रोबनं शोधत जा. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर लाट चांगली मोठी झालेली दिसायला हवी. फेज इन्व्हर्टरच्या दोन्ही टोकांवर दोन्ही चॅनेल लावले, की सारख्या उंचीच्या आणि एकमेकींच्या उलट्या दोन लाटा दिसल्या पाहिजेत. लाट जिथे गायब होते, तिथून एक घर मागे चोर असतो. बऱ्याचदा तो सोल्डरचा सुका डाग निघतो. लाकडी काडीनं टकटक केल्यावर लाट उडी मारते आणि महागडं यंत्र चार आण्याच्या काडीपुढे लाजतं.

घुरघुर येत असेल तर सिग्नल बंद करून उरलेली रेघ बघा. लाट दर १० मिलिसेकंदांनी परत येत असेल, तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टर कॅपॅसिटर म्हातारे झाले. २० मिलिसेकंदांनी येत असेल, तर ५० हर्ट्झ थेट आत शिरतोय. हीटरच्या वायरी किंवा एखादा व्हॉल्व्ह तपासा. अमेरिकन पुस्तकात १२० आणि ६० वाचून गोंधळू नका, त्यांची वीज वेगळी.

खरी गंमत आवाज वाढवल्यावर. लाटेचे माथे सपाट होतात. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हा दोष आहे आणि गिटारवाला याचेच पैसे मोजतो. १९५८ साली लिंक रे यानं स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीनं भोकं पाडली आणि १९६४ साली किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं तो ब्लेडनं चिरला, आवाज आणखी बिघडावा म्हणून. तुम्ही तिथे स्कोप घेऊन असता, तर दोघांनाही नवा स्पीकर सुचवला असता. ट्वीड डिलक्सच्या नॉबवर आकडे १२ पर्यंत आहेत, पण निम्म्यावर जाण्याआधीच तो लाटा तासू लागतो. त्याला उलटी फीडबॅकही नाही, म्हणजे स्वतःला सावरण्याची सोयच ठेवलेली नाही. जोरात वाजवला की शून्याच्या रेषेवर लाटेला छोटी खाचही पडते आणि नवशिका लगेच बायसकडे धावतो. ठणठणीत ५ई३ मध्येही ती खाच असते.

म्हणून नियम एकच: आवाज बारीक ठेवून बघा. बारीक आवाजातही लाट वाकडी असेल, तर आजार. मोठ्या आवाजात वाकडी झाली, तर स्वभाव, आणि स्वभावाला सोल्डरिंग आयर्न लावू नये. लोडवर टोकापासून टोकापर्यंत २८ व्होल्ट मिळेपर्यंत लाट स्वच्छ राहिली, तर ८ ओहमवर ते १२ वॉट होतात. डिलक्सकडून याहून जास्त मागू नये.

हे सगळं करण्याआधी व्हॉल्व्ह बदलून बघितलेत का? बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो, नाहीतर इनपुटच्या जॅकमध्ये, आणि दोन्हीसाठी ऑसिलोस्कोप लागत नाही. मित्राला मात्र हे सांगू नका. त्याला स्क्रीनवरची लाट दाखवा, दोनदा मान हलवा आणि अँप परत देताना बजावून सांगा, की स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करायचा नाही.