तळाला नाव कुणाचं?

तेरवीला आलेली माणसं गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, हा आपला एक गोड समज आहे. बोलतात ती स्वतःबद्दलच, फक्त मध्येमध्ये गेलेल्याचं नाव घेतात. मोठी आई गेली तेव्हा मोहाडी तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर बसून मी दिवसभर आठवणी ऐकल्या. संध्याकाळपर्यंत माझी खात्री पटली की या घरात निदान चार-पाच वेगवेगळ्या म्हाताऱ्या नांदून गेल्या असाव्यात.

ती खरं तर आमची आजी. पण गावच तिला मोठी आई म्हणे, म्हणून आम्हीही. थोरल्या काकांची मोठी आई कडक होती. तिनं त्यांना एकदा धानाच्या ढोलीत कोंडलं होतं. धाकट्या आत्याची मोठी आई इतकी मायाळू की तिनं आयुष्यात आवाज चढवला नाही. (शेजारच्या काकू हे ऐकून खोकल्या.) लाखनीच्या मावशींना ती कंजूस वाटे, जवाईबापूंना उधळी. जवाईबापूंचं मत मी फारसं धरत नाही. त्यांच्यासाठी ती खरंच उधळी असे.

एकमत झालं ते फक्त लाखोळीच्या डाळीवर. आमच्याकडे कापणीआधी उभ्या धानातच लाखोळी फेकतात आणि जमिनीतल्या ओलीवर ती येते. या डाळीनं पाय लुळे पडतात म्हणून 1961 साली राज्यानं तिच्या विक्रीवर बंदी घातली. मोठी आई विकत नव्हती, खात होती, त्यामुळे बंदी आपल्याला लागू नाही असं तिचं कायदेशीर मत होतं. नागपूरहून आलेल्या डॉक्टर भाच्यानं तिला धोका समजावून सांगितला. ती तेव्हा शिडीवरून माळ्यावर चढत होती. वरूनच म्हणाली, "मंग मी कशी चालून राह्यली बाप्पा?"

सरकारशी तिचं एकंदर जमत नसे. 1999 च्या 1 मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा काढला, आणि गोंदियाला दिलेली थोरली आत्या एका रात्रीत परजिल्ह्यात गेली. "पोरगी माही, अन् जिल्हा बदलताना मले इचारलं का?" हा तिचा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला ऐकावा लागे. एकानं जिल्हा परत जोडायचं वचन दिलं म्हणतात. ते सुद्धा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत.

मग विषय निघाला वयाचा. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी, तिच्या पिढीतल्या निम्म्या गावाची असते तशी. सालाबद्दल कुणाचंच एकमत नाही. आत्या म्हणाली, "बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे राहिले, त्या साली तिचं लगन झालं." म्हणजे 1954. त्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला, हे आम्ही पुस्तकात वाचलं. मोठ्या आईला मात्र तो कुणीतरी काल सांगितल्यासारखा लागून राहिला होता. काकांनी आत्याचा हिशोब खोडून काढला. त्यांच्या मते लग्न नंतरचं, कारण आंदणातल्या पितळी गुंडावर तारीख आहे आणि ती त्यांनी लहानपणी वाचली आहे.

गुंड आणला. भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी दूरदूर जात, त्यातला तो जुना, जाड पत्र्याचा गुंड. तळ काळा कुळकुळीत. चिंच लावून घासला तेव्हा टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं वर आली. तारीख 1968 ची, आणि नाव मोठ्या आईचं नव्हतंच. लाखनीच्या मावशी चष्मा लावून वाकल्या आणि ओरडल्या, "हा तं आमचा गुंड होय जी!"

यानंतर तेरवीचं गांभीर्य काही टिकलं नाही. गंज, पराती, तांबे, गडवे, ताटं, सगळं अंगणात आलं आणि जो तो भांडी उलटी करू लागला. कुणाची सासू सापडली, कुणाची आत्या, एका परातीवर तर गावातल्या बंद पडलेल्या भजनी मंडळाचं नाव निघालं. मोठ्या आईच्या स्वतःच्या नावाचं भांडं शोधायलाच वेळ लागला.

याचा उलगडा शेजारच्या काकूंनी केला. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार, नाटक, आणि घरोघर लेकी-जवाई मुक्कामाला. कुठल्याच घरची भांडी पुरत नाहीत, म्हणून या घरची त्या घरी जातात. आता मोठ्या आईचा नियम असा की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यात चिन्नोरचे तांदूळ घालायचे, नाहीतर तलावातले शिंगाडे, अगदीच काही नसलं तर लाखोळीची डाळ. आणि एखाद्या साली घालायला काहीच नसलं तर भांडं ठेवून घ्यायचं, पुढच्या पिकापर्यंत. पुढच्या पिकाला दुसरंच कुणाचं भांडं घरात असे. थोडक्यात, तिनं भांडी लाटली ती निव्वळ भिडेपोटी. कंजूस म्हणणारे आणि उधळी म्हणणारे, दोघेही एकाच बाईबद्दल बोलत होते तर.

हे कळल्यावर पाहुणे एकेक करून कबूल होऊ लागले. मावशींच्या घरी मोठ्या आईचं घंगाळ आहे आणि त्यात त्यांनी तुळस लावली आहे. जवाईबापूंकडे तिची परात, भाच्याकडे दोन तांबे. मला हा हिशोब आठवणींच्या हिशोबापेक्षा जास्त भरवशाचा वाटला. माणूस आठवणीत भर घालतो, घंगाळाला भोक पडलं तर पडलं म्हणतो.

काका म्हणाले, ज्याचं त्यानं घेऊन जा. पण रिकामं भांडं घराबाहेर कसं काढायचं? काकूंनी उरलेली बुंदी वाटून वाटून भरली. बुंदी संपली तेव्हा वांग्याची भाजी निघाली. मावशींनी मात्र गुंड नेलाच नाही. "नेला तं मले घंगाळ भरून पाठवा लागन," त्या म्हणाल्या, आणि तुळस काढायची त्यांची तयारी नव्हती. गुंड आमच्याकडेच आहे.

आणखीही काही भांडी पडून आहेत, ज्यांचं नाव घासून घासून वाचता येत नाही. एक मोठा गंज, कडेला पोचा आलेली परात, झाकणाशिवायचा डबा. आपल्या आजीचं एखादं भांडं भंडारा जिल्ह्यात कुठंतरी राहून गेलं असल्याची ज्यांना शंका आहे, त्यांनी येऊन ओळख पटवावी. रेल्वेनं आलात तर स्टेशनावर 'भंडारा रोड' लिहिलेलं असेल, पण गाव वरठी आहे आणि भंडारा तिथून बराच लांब. त्यावर वाद घालत बसू नका, आमच्याकडे यायला वरठीच सोयीचं. फक्त आदल्या दिवशी कळवा, म्हणजे भात टाकता येईल.